ऑर्डर आहे, पगार नाही

2023 साली राज्यात तलाठी पदाच्या साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागा निघाल्या आणि त्यांच्यासाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला फॉर्मची फी 1000 रुपये होती, मागासवर्गीयांना 900. म्हणजे एका खुर्चीसाठी दोनशेहून अधिक माणसे पैसे भरून रांगेत उभी राहिली. त्या रांगेत इंजिनिअर होते, एम.ए. झालेले होते आणि आमच्या मोहल्ल्यांतले बी.एड.-डी.एड. झालेलेही होते. मी लिहिणार आहे ते या शेवटच्या लोकांविषयी, कारण त्यांना मी जवळून ओळखते. त्यांच्यातल्या काहींना मी मराठीची बाराखडी शिकवली आहे.

आपल्या घरांत बी.एड. करण्यामागची कारणे सर्वांना माहीत आहेत. मुलगी असेल तर शिक्षिकेची नोकरी अब्रूची, अर्ध्या दिवसाची, सासरलाही चालणारी. मुलगा असेल तर कायम पगाराची. डॉक्टर-इंजिनिअर करायला पैसा नसतो, धंद्यात घालायला भांडवल नसते. मग शिकलेल्या मुलांसाठी मास्तरकी हा एकच रस्ता आईबापांना दिसतो. पूर्वी तो रस्ता खरोखर कुठेतरी पोचतही होता. उर्दू शाळा वाढत होत्या, शिक्षक कमी होते, आणि डी.एड.चा निकाल लागायच्या आत ऑर्डर मिळालेली माणसे आमच्या आधीच्या पिढीत आहेत.

2 मे 2012 ला शासनाने शिक्षक भरतीवर बंदी आणली आणि तिथून हा रस्ता अरुंद होत गेला. 15 डिसेंबर 2013 ला पहिली टीईटी झाली. डिसेंबर 2017 मध्ये पहिली अभियोग्यता चाचणी झाली, दोनशे गुणांची. दुसरी झाली फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये. मधली पाच वर्षे अभ्यास करणाऱ्या मुलाने काय करायचे? पुस्तके तीच, वय मात्र वाढत गेलेले. त्याच काळात 2019 च्या टीईटीतला गैरव्यवहार उघड झाला, हजारो उमेदवार बाद झाले, आणि प्रामाणिकपणे पास झालेल्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले. बी.एड. 2015 पासून एकाचे दोन वर्षांचे झाले, म्हणजे खर्च दुप्पट. आणि 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पहिली ते पाचवीला बी.एड.वाला चालणार नाही, डी.एड.च पाहिजे. 2018 च्या अधिसूचनेवर विसंबून ज्यांनी बी.एड. केले होते त्यांना एका दिवसात निम्म्या शाळेचे दार बंद झाले. न्यायालयाचे म्हणणे शिक्षणाच्या दृष्टीने मला पटते, लहान मुलांना शिकवणे ही वेगळी विद्या आहे. पण ज्याने दोन वर्षे आणि बापाचे पैसे घातले, त्याच्या समजुतीला ते पुरत नाही.

2024 च्या फेब्रुवारीत पवित्र पोर्टलवरून भरती झाली तेव्हा 21,678 जागांच्या जाहिराती होत्या आणि पहिल्या यादीत 11,085 जणांची शिफारस झाली. उरलेल्या जागांमध्ये काही मुलाखतीच्या होत्या, आणि काहींना त्या प्रवर्गाचा, त्या विषयाचा, त्या माध्यमाचा उमेदवारच मिळाला नाही. उर्दू माध्यमात हे दुखणे जुने आहे. बिंदुनामावलीप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या जागा राखीव असतात, आणि उर्दूतून शिकलेले त्या प्रवर्गातले उमेदवार मिळणे जवळजवळ अशक्य. जागा रिकामी राहते, वर्गात मुले बसलेली असतात, बाहेर बी.एड. झालेली मुले बसलेली असतात. आरक्षणाच्या विरोधात मी नाही आणि कोणी माझे वाक्य त्या कामासाठी वापरू नये. पण ज्या जागेला उमेदवार मिळतच नाही, तिचे काय करायचे हे शासनाने कधीतरी ठरवायला हवे, कारण नुकसान ज्या मुलांचे होते आहे ती बहुतेक गरिबांचीच आहेत.

इथपर्यंतचे दुखणे सरकारी आहे. यापुढे नावाचे दुखणे येते. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी एक साधा प्रयोग केला होता, तो 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली: उच्चवर्णीय हिंदू, दलित, मुस्लिम. दलित नावाला प्रतिसादाचे प्रमाण उच्चवर्णीय नावाच्या दोन तृतीयांशावर आले आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांशावर. थोरात आपल्या अमरावतीकडचे, त्यामुळे मराठी वाचकांनी तरी हे काम माहीत करून घ्यायला हवे. नोकरी न मिळणारा मुसलमान मुलगा जेव्हा म्हणतो, "मॅडम, नाव बघून फोन ठेवतात," तेव्हा तो बहाणा सांगत नसतो.

हे मी आधी लिहिले, कारण यापुढचे वाचून कोणी म्हणू नये की ही आपल्याच लोकांवर बोट दाखवते आणि बाहेरचे विसरते. बाहेरचे मी विसरत नाही. पण बाहेरच्या दारावर डोके आपटून परत आलेला मुलगा आपल्याच संस्थेच्या दाराशी येतो तेव्हा त्याला काय विचारले जाते, ते कोणी लिहीत नाही. त्याला विचारले जाते, "कितने देते?"

संविधानाच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. आपले शिक्षक आपण निवडण्याची मोकळीक या हक्काचाच भाग मानली जाते. आपली भाषा, आपली मुले, आपला स्वभाव ओळखणारा माणूस आपल्याला निवडता यावा, एवढ्यासाठी ती आहे. काही संस्थांनी ती खरोखर तशी वापरली. जाहिरात देतात, पाठ घ्यायला लावतात, गुण मांडतात, निवड करतात. अशा संस्था मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या मुलांचे निकालही पाहिले आहेत. पण बऱ्याच ठिकाणी या मोकळिकीचा अर्थ एवढाच उरला आहे की पदाची किंमत आपण ठरवू. आकडे लाखांत असतात. जमीन विकून, अम्मीचे दागिने मोडून, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून लोक ते देतात. डोनेशन हा शब्द तर इतका रुळला आहे की आता कोणी आवाज खाली करूनही बोलत नाही. जुम्म्याच्या बयानात रिश्वत हराम असल्याचे ऐकून बाहेर पडलेली माणसे मशिदीच्या पायऱ्यांवरच कुठल्या संस्थेचा काय रेट चालू आहे ते सांगतात.

2005 साली मलाही एका संस्थेच्या ऑफिसात हा प्रश्न विचारला गेला होता. अब्बा सोबत होते. ते उठले, सलाम केला, आणि आम्ही एस.टी. स्टँडवर येऊन चहा प्यायलो. त्यानंतर अडीच वर्षे मी तासिकेवर शिकवले आणि घरी शिकवण्या घेतल्या. पुढे दुसऱ्या संस्थेत पैसे न देता लागले तेव्हा शिक्षणसेवक म्हणून मानधन चार हजार होते. हे मी स्वतःची पाठ थोपटायला सांगत नाही. त्या वेळी न देणाऱ्यालाही जागा मिळण्याची शक्यता होती. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलाला "देऊ नकोस" असे म्हणताना त्याच्यासाठी दुसरे दार उघडे असेल की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही.

तरीही मी "देऊ नकोस" असेच म्हणते, आणि त्याचे कारण फक्त नीतीचे नाही. हा व्यवहार बहुतेक वेळा साधा तोट्याचाही असतो. पैसे घेऊन जी ऑर्डर हातात देतात, त्या ऑर्डरला पगार नसतो. पगार येतो तो शिक्षणाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक मान्यतेने, आणि मान्यता मिळते ती पद संच मान्यतेत मंजूर असेल तर. विद्यार्थी कमी झाले की संच मान्यतेत पद उडते. भरतीची परवानगी घेतली होती का, जाहिरात दिली होती का, हेही विचारतात. एवढे सगळे जुळले की मग शालार्थ आयडी, आणि त्यानंतर पगार. यातली एक कडी तुटली तरी माणूस वर्षानुवर्षे वर्गावर उभा राहतो, हजेरीपटावर सही करतो, निवडणुकीची आणि परीक्षेची कामे करतो, आणि घरी काही नेत नाही. सात-आठ वर्षे बिनपगारी शिकवणारे शिक्षक माझ्या ओळखीत आहेत. दुपारी शाळा, संध्याकाळी कपड्याच्या दुकानात हिशेब. त्यांच्या घरच्यांनी नातेवाइकांना सांगितलेले असते, "लगा है स्कूल में." त्यामुळे त्यांना बेरोजगार म्हणायचीही सोय नाही.

म्हणून कोणी ऑर्डर दाखवली तर पहिल्यांदा कागद मागावेत. चालू वर्षाची संच मान्यता, भरतीची परवानगी, वर्तमानपत्रातली जाहिरात. शाळा अनुदानित आहे, अंशतः अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, आणि तुम्हाला घेतात ती तुकडी कोणती, हे स्पष्ट विचारावे. संस्थेतला माणूस चिडेल. म्हणेल, "विश्वास नाही का?" तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून संच मान्यतेची प्रत मिळते. लाखांचा व्यवहार तोंडी करणारी आपली माणसे दहा रुपयांचा अर्ज करायला का कचरतात, हे मला अजून कळलेले नाही. बहुधा शाळेच्या चेअरमनशी लग्नकार्यात तोंड दाखवायचे असते म्हणून.

कागदांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन असे कितीतरी मुस्लिम समाज महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. तरी आपल्या मुलांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुस्लिम' असते. दाखला भरताना गुरुजींनी विचारले, बापाने तेच सांगितले. पुढे जातीचा दाखला काढायला जावे तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले नसतील तर तो कुठून आणायचा? मग कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुनी खरेदीखते, चुलत आजोबांचा शाळेतला उतारा अशी शोधाशोध. ती जमते, पण तिला महिने लागतात, आणि जाहिरातीची मुदत असते पंधरा-वीस दिवसांची. राज्याच्या नोकऱ्यांत सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. म्हणजे एक कागद नसल्याने माणूस पाच वर्षांनी म्हातारा होतो. 2014 साली मुस्लिमांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग ठेवला, पुढे अध्यादेशाची मुदत संपली आणि तो परत काढला गेला नाही. त्याच्यावर आपण भाषणे ऐकतो, ती ऐकावीतही. पण जे आरक्षण आधीपासून यादीत आहे त्याचा कागद काढायला मुलगा दहावीत असतानाच सुरुवात करावी. शाळेत मी पालकसभेत हे दर वर्षी सांगते. येणारे पालक कमी, त्यात बहुतेक आया, आणि त्या म्हणतात, "उनके अब्बा को बोलती."

आता घरातले. बेरोजगारी म्हटले की आपण पैशाचे बोलतो, पण माझ्याकडे येणारी मुले पैशाविषयी सर्वांत शेवटी बोलतात. आधी सांगतात ते वेगळेच. लग्नाला जायचे टाळतात, कारण तिथे प्रत्येक चाचा, प्रत्येक खालू विचारतो, "क्या करता रे आजकल?" फज्रनंतर परत झोपतात, कारण उठून करायचे काय. घरात भाऊ कमावता असेल तर ताटात दुसऱ्यांदा सालन वाढून घ्यायला संकोच वाटतो. मोबाईलचा रिचार्ज संपला तर वहिनीकडे मागावा लागतो. एकाने मला सांगितले, "मॅडम, घरात सगळ्यांची कामे मीच करतो. गॅसचा नंबर, रेशन, दवाखाना, भाच्यांना शाळेत सोडणे. पण कोणी विचारले तर सांगतात, खाली बैठा है." मला ते वाक्य फार लागले.

मुलींचे आणखी वेगळे. त्यांना बेरोजगार मानतच नाहीत. बी.एड. झालेली मुलगी घरी बसली तर ती घरीच तर आहे, त्यात काय. लग्नाच्या बायोडेटात बी.एड. लिहिले जाते, स्थळ त्यावर येते, आणि लग्नानंतर ते सर्टिफिकेट कपाटातल्या शालीखाली जाते. ज्यांना नोकरी करायची आहे त्यांना दीड-दोन किलोमीटरच्या आतली इंग्रजी शाळा शोधावी लागते, आणि तिथे महिना पाच-सहा हजारांवर सकाळी सात ते दोन उभे राहावे लागते. शिक्षणसेवकांचे मानधन 2023 पासून 16 ते 20 हजार झाले, ते या मुलींनी फक्त वर्तमानपत्रात वाचले.

या दिवसांत काय करावे, असे मला विचारतात. तयार उत्तर माझ्याकडे नाही, पण टिकलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते. ती वाट पाहत नुसती बसली नाहीत. परीक्षा देत राहिली, पण मिळकतीचे काही ना काही हातात ठेवले. एक जण महा ई-सेवा केंद्रावर बसायला लागला आणि दोन वर्षांत जातीच्या दाखल्यांचा असा जाणकार झाला की आता मीच लोकांना त्याच्याकडे पाठवते. एकीने उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी मराठीची शिकवणी काढली. ती चालते, कारण गरज खरी आहे. तलाठी भरतीच्या परीक्षेत दोनशेपैकी पन्नास गुण मराठीचे होते, आणि आपली मुले गणितात मागे नसतात, समानार्थी शब्द आणि प्रयोग यांत अडकतात. उर्दू शाळेत मराठी हा 'निघण्यापुरता' विषय मानला जातो, याचा त्रास मला रोज होतो. मुलांना मराठी बोलता येते, बाजारात ती फर्डी बोलतात. लिहिण्याचे कोणी त्यांच्याकडून करून घेतलेले नसते. कर्मणी प्रयोगापायी सरकारी नोकरी जाते, असे मी वर्गात म्हटले की मुले हसतात. खरे आहे ते.

पण अशी कामे करणाऱ्याला आपल्याकडे मान नाही. बी.एड. होऊन सेवा केंद्रावर बसला तर "पढके क्या फायदा हुआ" हे ऐकावे लागते, आणि हेच लोक लाखो देऊन बिनपगारी वर्गावर उभ्या असलेल्याला 'सर' म्हणतात. ही उलटी रीत मोडायला पैसा लागत नाही, सरकारचा जीआरही लागत नाही. लग्नात विचारायचेच असेल तर "काय करतोस" याऐवजी "कुठला फॉर्म भरलास, काही कागद अडलाय का" असे विचारावे. ज्याच्या ओळखीत तहसील कचेरीतला माणूस आहे त्याने त्या ओळखीचा उपयोग एवढ्यासाठी करावा. आणि संस्थांच्या विश्वस्तांत आपल्यापैकी जे बसलेले आहेत, त्यांनी निदान एक करावे: पद निघाले की संच मान्यता शाळेच्या फलकावर लावावी, निवडीचे गुणही लावावेत. ज्या संस्थेला हे करायला अडचण वाटते, तिने अल्पसंख्याकांच्या हक्कांवर परिषदा भरवू नयेत, असे माझे मत आहे. मी अशाच एका अल्पसंख्याक संस्थेत नोकरी करते, आणि हे मत मी स्टाफरूममध्येही मांडलेले आहे.

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितले. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली आहे त्यांना त्यातून सूट आहे. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला. त्यामुळे स्टाफरूममध्ये दोन तट पडले: एक म्हणतो आपल्याला लागू नाही, दुसरा म्हणतो कशाला जोखीम. मी पाचवी ते आठवीला शिकवते आणि माझी सेवा अजून बरीच आहे. मी फॉर्म भरला. बालमानसशास्त्र मी बी.एड.ला वाचले होते, त्याला वीस वर्षे झाली. ते आता मला शिकवते ती वर सांगितलेली शिकवणीवाली मुलगी, रविवारी सकाळी, तिच्याच खोलीत, आणि फी घेत नाही. बदल्यात मी तिच्या बॅचला प्रयोग आणि समास शिकवते. आम्ही आठ-दहा जण असतो, बहुतेकांच्या मांडीवर पॅड आणि त्यावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, आणि दहा वाजले की कोणीतरी पुदिन्याचा चहा आणते.